मोसंबीची सालं, केळीची पानं, आंब्याच्या कोयी : शेततळ्यातल्या माशांना काय द्यावं, काय देऊ नये?

गल्हाटीकाठ (अंबड)

राम राम मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज विचारायलो.

अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे आणि बागेसाठी अस्तरीकरण केलेलं शेततळं, तीस बाय तीस मीटरचं. उन्हाळ्यात झाडं जगवायला पाणी धरतो आणि त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ, थोडे सायप्रिनस सोडलेत. आठशेच्या आसपास मासे आहेत, एकेक पाव किलोचा झालाय. भुईमुगाची पेंड आणि कोंडा निम्मे-निम्मे देतो. पण पेंडेचा भाव परवडंना. माशाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो, हे ज्यानं तळं केलंय त्याला सांगायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. मृग बहाराचा माल सुरू आहे, ऊन तापलंय, अंबड-पाचोड-जालन्याच्या ज्यूस सेंटरांवर दिवसाला पोतीच्या पोती सालं आणि चोथा निघतो. फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग रस काढल्यावर उरतो आणि नाल्यात जातो. बागेत फळगळ झालेली मोसंबी वेगळीच. बाहेरदेशी संत्र्याच्या सालीवर तिलापिया माशांत प्रयोग झालेत आणि चांगला गुण आलाय, असं वाचलं. आपल्याकडं कुणी देतं का? ओली द्यायची की वाळवून? किती द्यायची?

माझी खरी काळजी पाण्याची आहे. याच पाण्यावर ठिबक चालतं. पाणी नासलं तर मासेही जातील आणि फिल्टरही तुंबतील.

केळीवाला (अर्धापूर)

भाऊ, मोसंबीचं माहीत नाही, केळीचं सांगतो. आमच्या तळ्यात गवत्या मासा (ग्रास कार्प) आहे. केळीचं कोवळं पान फाडून टाकलं की संध्याकाळपर्यंत मधला दांडा तेवढा शिल्लक राहतो. लसूणघास, नेपियर, पाण्यातलं शेवाळी गवत, काहीही चालतं त्याला. पण हे फक्त गवत्याचं. कटला-रोहू पानाकडं बघत नाहीत. पिकल्या केळीची साल तशीच टाकली तर तरंगत कडेला येते, काळी पडते आणि चिलटं धरते. कुणी खात नाही.

एक मात्र कडक पाळतो. करप्यासाठी फवारलेल्या बागेतलं पान तळ्यात टाकत नाही. फवारणी न झालेल्या कडेच्या दोन ओळी माशांसाठीच राखून ठेवल्यात.

तुमच्याकडं गवत्या आहे का?

गल्हाटीकाठ (अंबड)

नाही, गवत्या नाही सोडला. प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर असलेलं तळं आहे, त्यात गवतच उगवत नाही म्हणून.

मत्स्यकन्या (उदगीर)

दादा, मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले, सध्या लातूर-नांदेड भागातल्या शेततळ्यांवर काम करते. सविस्तर लिहिते, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर अर्धवट माहिती फार फिरते आणि त्यात लोकांचे मासे जातात.

मोसंबीची साल देता येते. पण ती कोंड्याच्या जागी द्यायची, पेंडेच्या जागी कधीच नाही. बाकी सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

कारण प्रथिनं. वाढत्या कटला-रोहूला खाद्यात साधारण २५ ते ३० टक्के प्रथिनं लागतात. सोयापेंडीत ती ४५ टक्क्यांच्या घरात, भुईमूग पेंडीत ४० च्या आसपास, कोंड्यात १२ ते १५ आणि वाळलेल्या मोसंबीच्या सालीत जेमतेम ६ ते ७. आता शंभर किलो खाद्य धरा : २५ किलो सोयापेंड, २५ किलो भुईमूग पेंड, ४८ किलो कोंडा, २ किलो खनिज मिश्रण. प्रथिनं होतात साडेसत्तावीस टक्के. यातला ८ किलो कोंडा काढून ८ किलो सालीची पूड घातली, तर प्रथिनं सत्तावीसवर येतात. माशाला फरक कळणार नाही. पण तीच ८ किलो पूड सोयापेंड काढून घातली, तर आकडा साडेचोवीसच्याही खाली जातो. मासे खातील, पोट भरेल, वजन मात्र धरणार नाहीत. शेतकरी साहजिकच पेंड कमी करायला बघतो, कारण महाग तीच आहे. तिथंच नुकसान होतं.

मग साल द्यायचीच कशाला? एक तर कोंडाही आता फुकट मिळत नाही. भाताचा कोंडा आपल्याकडं विदर्भातून येतो, त्यावर गाडीभाडं चढतं. दुसरं, सालीत पेक्टिन नावाचा चिकट घटक असतो, सुगंधी तेल असतं, रंगद्रव्यं असतात. तुम्ही वाचलेले प्रयोग याच गोष्टींवरचे आहेत. तुर्कस्तानात संत्र्याच्या सालीचं तेल आणि थायलंडात सालीतलं पेक्टिन तिलापियाच्या खाद्यात मिसळून पाहिलं, तेव्हा वाढ आणि रोगजंतूंशी लढायची ताकद दोन्ही सुधारल्याचं दिसलं. आपली मोसंबीही गोड संत्र्याच्याच जातीतली, त्यामुळं तो अभ्यास आपल्याला जवळचा आहे.

पण तिलापियाचे आकडे उचलून रोहूला लावू नका. तिलापियाला चांगलं आम्ल तयार करणारं जठर असतं. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांना जठरच नसतं, घशातून अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून त्यांना थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा आणि बारीक दळलेलं लागतं. चोथट, धाग्याचं खाद्य जास्त झालं की ते तसंच बाहेर पडतं आणि तुमच्या कागदावर जाऊन बसतं. मातीचं तळं असेल तर तळातले जीवजंतू त्यातलं काही जिरवतात. कागदाच्या तळ्यात ती सोय नाही. त्यामुळं मी तुम्हाला सुरुवातीला शंभरात पाच किलो, फार तर आठ, एवढंच सांगेन.

ओली साल अजिबात नको. ताज्या सालीत चार भागांतले तीन भाग पाणीच असतं, उरलेल्यात साखर. ती पाण्यात पडली की सडते, आणि सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. रात्री शेवाळही ऑक्सिजनच घेतं, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद आणि पंप लावून पाणी वरून पाडायचं. उन्हाळ्यात हे लवकर होतं, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतोच कमी, आणि आपल्याकडं मे महिन्यात तळं आटून निम्म्यावर येतं ते वेगळंच.

फळगळीच्या मोसंबीचं : बुरशी नसलेली, आजच पडलेली असेल तरच चिरून वाळवा. हिरवट-पांढरी बुरशी धरलेलं एकही फळ नको. ते खतात जाऊ द्या.

पेंडवाला (लातूर)

ताईंनी पेंडेचं लिहिलंय त्यात थोडी भर. आमचं काम सोयाबीनच्या व्यापाराचं, म्हणून पेंड रोज हातातून जाते.

सोयाची डीओसी घ्या, तिच्यातलं तेल काढलेलं असतं, ती टिकते. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं आणि उन्हाळ्यात ती खवट होते. वास घेऊन बघा, खवट लागली तर घेऊच नका. घरचं सोयाबीन भरडून तसंच कच्चं घालणारे काही जण भेटतात, ते करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, भाजलं किंवा उकडलं की तो जातो. सरकी पेंड स्वस्त वाटते पण तिच्यात गोसिपॉल असतं, माशांना जास्त सोसत नाही.

आणि बुरशी. भुईमुगाच्या पेंडीचा ढेप फोडून आत बघा. वरून चांगली आणि आत हिरवी-काळी असते. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उकळूनही जात नाही, आणि माशाचं यकृत त्यानं खराब होतं. सालीची पूड नीट वाळली नसेल आणि याच पोत्यात मिसळून ठेवली, तर चांगली पेंडही ती बिघडवेल. म्हणून पूड वेगळी ठेवा, आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण करा.

गल्हाटीकाठ (अंबड)

ताई, पेंडवाले भाऊ, फार उपकार झाले. एवढं मोकळं कुणी सांगत नाही.

वाळवायचं आपल्याकडं सोपं आहे, एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर पापड भाजावा तशी साल कडक होते. पण दळायची कुठं? गिरणीवाला घेत नाही, म्हणतो जात्याला वास बसतो. मसाला कांडपवाला तयार आहे.

मत्स्यकन्या (उदगीर)

कांडपवाल्याकडं नको, दादा. सध्या त्याच्याकडं दिवसभर मिरचीच कुटली जाते. यंत्र कितीही झटकलं तरी तिखट राहतं. गुरांची भरड काढायचं यंत्र कुणाकडं असेल तर ते बघा, त्याला बारीक जाळी लावली की काम होतं.

वाळवण्याआधी दोन गोष्टी. ज्यूस सेंटरची साल घेतानाच पेले, नळ्या, मिठाचा-मसाल्याचा चोथा वेगळा करून मागा. आणि साल दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. मोसंबीवर कोळी, फुलकिडे, बुरशी यांसाठी फवारण्या होतात आणि औषध राहतं ते सालीवरच. धुऊन सगळं जात नाही. म्हणून स्वतःच्या बागेतला माल उत्तम, कारण शेवटची फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक असतं.

धुतली की बोटभर पट्ट्या कापा. अख्खी वाटी वाळत घातली तर बाहेरून कडक होते आणि आतला पांढरा भाग दमट राहतो, बुरशी तिथूनच सुरू होते. बाहेरच्या मोठ्या रसकारखान्यांत चिरलेल्या सालीला थोडा चुना लावतात, त्यानं पेक्टिन पाण्याला धरून ठेवत नाही आणि साल दाबली की पाणी सुटतं. आपल्याला ऊन आहे, त्याची गरज नाही. पट्टी वाकवल्यावर वाकली तर अजून एक ऊन द्या, कटकन मोडली की दळा.

लाडूसारखे गोळे टाकू नका. शेवयांचं यंत्र घ्या. मिश्रणाला कोमट पाण्यात मळा, चिकटपणाला मैद्याची खळ घाला, शेवया पाडा, वाळवा आणि मोडून तुकडे करा. पेलाभर पाण्यात चार तुकडे टाकून बघा. अर्ध्या तासात विरघळून गढूळ झाले, तर खळ कमी पडली.

गोदामामा (पैठण)

पोरांनो, तुमचं वाचतोय. आमचं घर पिढ्यान् पिढ्या गोदावरीवर मासे धरणारं. नाथसागर झाला तेव्हा मी लहान होतो.

खाद्य पाण्यावर फेकू नका. जुन्या पोत्याला खालच्या अंगाला बोटाएवढी भोकं पाडा, खाद्य भरा, बांबूला बांधून अर्धं पाण्यात सोडा. मासे येऊन त्याला ढुसण्या देतात आणि लागेल तेवढं ओढून घेतात. दोन-तीन ठिकाणी अशी पोती बांधा. दुसऱ्या दिवशी पोतं हलकं झालं का बघायचं. जड राहिलं तर खाद्य जास्त होतंय किंवा पाण्यात खोट आहे. वेळ नि जागा बदलायची नाही. मासा वेळ ओळखतो.

ढगाळ दिवशी निम्मं. थंडीत पाणी गार पडलं की अजून कमी, मासा तेव्हा हलतच नाही.

बालाघाटची लेक (धारूर)

नमस्कार. हा धागा माझ्या मैत्रिणीनं पाठवला. आमच्या बचत गटात सीताफळाचा गर काढतात. हंगामात बिया आणि साल यांचे ढीग लागतात. गावात तिघांची शेततळी आहेत, ते आम्हाला म्हणतात माशांना टाकतो, आम्हाला द्या. मोसंबीसारखं सीताफळाचं चालेल का? बिया वाळवून ठेवलेल्या आहेत, अजून कुणाला दिल्या नाहीत.

गोदामामा (पैठण)

बाई, नको. एक बी सुद्धा नको.

जुन्या काळी उन्हाळ्यात नदी तुटली की डोह राहायचे. तेव्हा काही लोक सीताफळाच्या बिया नाहीतर पाला कुटून डोहात टाकायचे. मासे गुंगी येऊन वर यायचे आणि हातानं धरायचे. लहान पिलापासून सगळं मरायचं. आमच्या वडिलांना ते अजिबात खपायचं नाही.

मत्स्यकन्या (उदगीर)

मामांनी अगदी वेळेवर सांगितलं. ताई, तुम्ही विचारून फार चांगलं केलं, तिन्ही तळ्यांवर आजच निरोप द्या.

सीताफळाच्या बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात, पाल्यात, सालीत आणि झाडाच्या खोडसालीतही असतात. ती पेशीच्या आतली श्वसनाची साखळी तोडतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी माशाच्या पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून पंप लावून, पाणी बदलून मासा वाचेलच असं नाही. वाळवून, उकळून देण्याच्या फंदात कुणी पडू नये. ढीग तळ्यापासून आणि तळ्यात येणाऱ्या चारीपासून लांब ठेवा, पावसाचं पाणी त्यातून वाहून येता कामा नये. बियांची पूड करणार असाल तर डोळ्यांना चष्मा लावा, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी डोक्याला लावण्याचा प्रकारही याच कारणानं धोक्याचा.

आणि हे सगळ्यांसाठी आहे. आपल्याकडं किडीवर फवारायला दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क करतात, त्यात सीताफळाचा पाला असतो. तो अर्क सेंद्रिय आहे म्हणून लोक निर्धास्त असतात आणि फवारणी झाली की पाठीवरचा पंप शेततळ्याच्या काठावर विसळतात. ते पाणी सरळ तळ्यात उतरतं. कुठलाही पंप, रासायनिक असो वा दशपर्णीचा, तळ्यावर धुवायचा नाही.

केळीवाला (अर्धापूर)

हे नवीनच कळलं. आमच्याकडं पंप तळ्यावरच धुतात. आता हौदाजवळ वेगळी जागा करतो.

डाळिंबाचं काय? आणि पपई?

मत्स्यकन्या (उदगीर)

डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर. थोडक्यात गुणकारी, जास्तीत प्रथिनं बांधून ठेवतं आणि खाद्य कडवट करतं. शंभर किलोत एक-दोन किलोच्या वर नको. तेल्या रोगासाठी फवारण्या फार होतात, त्यामुळं साल कुठून आली ते कळल्याशिवाय तीही नको.

पपईचा गर, साल वाळवून थोडी चालते. बियांनी नर तिलापियाची प्रजननक्षमता घटते असं प्रयोगांत दिसलंय, म्हणून बिया बाजूला काढा. कटला-रोहू तसेही शेततळ्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी किंवा मत्स्यबीज केंद्रातलं इंजेक्शन लागतं, पण बियांतून वाढीसाठी मिळणार काहीच नाही.

गल्हाटीकाठ (अंबड)

मी काल बसून हिशेब मांडला, बरोबर आहे का बघा. आठशे मासे पाव किलोचे, म्हणजे दोनशे किलो. रोज वजनाच्या दोन टक्के खाद्य धरलं तर चार किलो. त्यात आठ टक्के सालीची पूड म्हणजे दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. महिन्याला दहा किलोसुद्धा नाही. एवढ्या पुडीला ओली साल लागेल चाळीस ते पन्नास किलो.

म्हणजे एका ज्यूस सेंटरचा कचरासुद्धा माझ्या तळ्याला पुरून उरतो. मला वाटलं होतं ट्रॉली भरून आणावी लागेल.

मत्स्यकन्या (उदगीर)

हिशेब अगदी बरोबर. आणि हा आकडा सगळ्यांनी बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण "कचऱ्यापासून मासे" असं कुणी सांगितलं की माणूस ढीगच आणून ओततो. तळं म्हणजे उकिरडा नाही. उरलेली साल गुरांना वाळवून द्या, नाहीतर खतात घाला.

बचत कोंड्यापुरतीच होणार, हे आधीच धरून चला. खरा फायदा झाला तर तो माशांच्या तब्येतीत आणि वजनात दिसेल, आणि तो मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून सगळ्या तळ्याला एकदम सुरू करू नका. तळ्यात दोन हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, बांधा, सारख्या मापाचे. दोन्हींत सारख्या वजनाचे मासे मोजून सोडा. एकाला तुमचं नेहमीचं खाद्य, एकाला सालीचं, वजन करून. दर पंधरवड्याला दोन्हींतले वीस-पंचवीस मासे तोला. खाद्य किती गेलं आणि वजन किती वाढलं, या दोन आकड्यांचा भागाकार वहीत लिहून ठेवा. ज्याचा भागाकार कमी, ते खाद्य चांगलं.

हाप्याबाहेरच्या माशांना जुनंच खाद्य चालू ठेवा.

बालाघाटची लेक (धारूर)

तिन्ही तळ्यांवर सांगून आले. एकानं पाला टाकायला आणून ठेवला होता, तो काढायला लावला. बिया आता खोलीत कुलूपबंद आहेत, कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे, त्यांना विचारून पुढचं ठरवू.

जून लागला की आमच्याकडं केसर आंब्याचा गर काढायचं काम येईल. कोयींचं तरी काही होईल का?

मत्स्यकन्या (उदगीर)

कोयीचं होईल, ताई, फक्त मेहनत आहे. टणक कवच फोडून आतला गर घ्यायचा. त्यात पिष्ट भरपूर, थोडं तेल, प्रथिनं ६-७ टक्केच. म्हणजे तीही कोंड्याच्याच रांगेत बसते. टॅनिन असल्यामुळं गराचे तुकडे रात्रभर भिजवा, पाणी फेका, मग उकळा, तेही पाणी फेका, आणि वाळवून दळा. पण तुमचं काम जूनमध्ये, तेव्हा ऊन नसतं. ओलसर कोय दोन दिवसांत आतून काळी पडते. वाळवायची सोय शेडखाली होणार असेल तरच हात घाला.

गोदामामा (पैठण)

अंबडवाल्या पाहुण्या, हापा कागदाला घासू देऊ नकोस. बांबू कागदावर रोवायचा नाही, काठावरून दोरीनं ताणून बांध. आणि तोलायच्या आदल्या दिवशी खाद्य देऊ नको. भरल्या पोटी धरलेला मासा लवकर दमतो.

गल्हाटीकाठ (अंबड)

मामा, दोरीनंच ताणलेत. दोन्ही हापे लागले. साल घरच्या बागेतलीच घेतोय, मृग बहाराची शेवटची फवारणी होऊन बरेच दिवस झालेत. भरडयंत्र शेजारच्या वस्तीवर मिळालं. शेवया पाडायला घरच्यांनी हात लावला, पहिला घाणा पेल्यात टाकून बघितला, टिकला. ज्यूस सेंटरवाल्याला नाल्याऐवजी आमच्या गोठ्याकडं साल पाठवायला सांगितलंय, ती गुरांसाठी.

घनसावंगी, पाचोड, बदनापूर भागातलं कुणी बघायला येणार असेल तर सकाळी आठला या, तेव्हा खाद्य घालतो. वजनं इथंच याच धाग्यावर टाकेन.